सव्वासहाची खिडकी

सोमवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला एक खिडकी आली. आदल्या दिवसापर्यंत तिथं कॅलेंडर होतं आणि त्याच खिळ्याला माझी शिट्टी अडकवलेली असायची. चहा करायला उठलो तर कॅलेंडर ओट्यावर पडलेलं, शिट्टी डब्यांच्या मागं, आणि भिंतीत दोन झडपांची, निळ्या गजांची खिडकी. त्या भिंतीला लागून शेजारच्या पिठाच्या गिरणीची भिंत आहे, मध्ये बोट घालायलाही जागा नाही. तरी खिडकीतून एक झाड दिसत होतं. त्याला एकही पान नव्हतं. घरात सकाळचे साडेसहा वाजले होते आणि खिडकीत संध्याकाळचे सव्वासहा.

वेळ मी अंदाजानं सांगत नाही. मी शालन इंगवले. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं पी.टी. शिकवलं, खो-खोचे संघ घडवले, आता निवृत्त आहे. मुलींना घरी कधी सोडायचं हे मी घड्याळाकडे न बघता मैदानावरच्या उजेडावरून सांगायचो. त्या खिडकीतला उजेड सव्वासहाचा होता आणि दुपारी बारालाही तो सव्वासहाचाच राहिला.

‘उठलो’, ‘सांगायचो’ वाचून कुणी दचकू नये. आमच्याकडे बायकाही येतो, जातो, बसतो असंच म्हणतात. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. विसाव्या वर्षी कोर्ससाठी पुण्याला गेलो, तिथल्या मुली माझ्या ‘मी आलो’वर पोट धरून हसायच्या. शेवटी वैतागून मी ‘आले’ म्हणायला शिकलो. सुट्टीत घरी आलो आणि दारातून हाक मारली, ‘आई, मी आले.’ दार उघडेना. आतून आईचा आवाज आला, ‘मालन, बघ गं, कोण पावणी आलीय.’ मालन म्हणजे माझी धाकटी बहीण. ती आतून दाराला पाठ लावून खिदळत बसली होती. मी ‘आलो’ म्हणेपर्यंत दोघींनी कडी काढली नाही. त्या दिवसापासून ‘आले’ तोंडातून हद्दपार केलं.

मालन आता माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. दर बुधवारी चार वाजता येते. आम्ही सात-आठ खेळतो. ती पत्ते लपवते, मी पकडतो, मग भांडण होतं, मग चहा. मी लग्न केलं नाही, मुलंबाळं नाहीत, पण बुधवार आहे. माणसाला आणखी किती लागतं, मला माहीत नाही.

त्या बुधवारी मालन आली आणि खिडकीकडे बघत उभी राहिली.

“अक्का, खिडकी कवा पाडलीस?”

“पाडली न्हाई. आली.”

“पडदा तरी लाव की. दिवेलागण झाल्यागत वाटतंय.”

पडदा लावला. उजेड पडद्यातूनही आला. दोन डाव झाले आणि मालन चुळबूळ करायला लागली. घरी दिवा लावायचाय, म्हणाली. साडेचार वाजले होते. तिलाही ते ठाऊक होतं, भिंतीवरचं घड्याळ तिनं दोनदा बघितलं, पण संध्याकाळ झाली की बाईमाणसाचा पाय घराकडे वळतो. ती गेली. चहा तसाच राहिला.

पुढच्या दिवसांत बाकीच्या वस्तू आल्या. प्लास्टिकची खुर्ची रोज सकाळी आपोआप त्या खिडकीशी जाऊन बसायची. मी उचलून बाहेरच्या खोलीत ठेवायचो, सकाळी पुन्हा तिथंच. माझे खेळाचे बूट गेले आणि त्या जागी पातळ चपला आल्या. दोन ट्रॅकसूट होते, त्यांच्या फिकट राखाडी साड्या झाल्या, इस्त्रीसकट. लोखंडी कपाटात माझ्या प्रमाणपत्रांच्या खाली रेशमी फितीनं बांधलेली पत्रांची जुडी निघाली. खाली सही, ‘तुझाच, अ.’ अ नावाचा एकच माणूस माझ्या आयुष्यात आला, तो म्हणजे शाळेचा शिपाई अशोक. त्यानं मला एकदाच चिठ्ठी लिहिली होती, गेटची किल्ली हरवली म्हणून. ह्या अ-नं लिहिलं होतं, ‘तुझ्या मौनात मला समुद्र ऐकू येतो.’ माझं मौन! मी मैदानावरून ओरडलो की रस्त्यावरच्या रिक्षा थांबायच्या.

तरी पत्रं मी पुन्हा फितीत बांधून ठेवली. शेवटच्या पत्राशी डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचा मला भयंकर राग आला.

हे सगळं कुठून येतंय ते शुक्रवारी कळलं. मी झाडू मारत होतो. पुढच्या क्षणी झाडू खाली होता आणि मी खिडकीशी उभा होतो, एक हात गजावर, मान थोडी कलती. मी काही तसं ठरवलं नव्हतं. हात सुटेना. मान तेवढी कशीबशी वळवली, तर बाहेरच्या खोलीच्या उघड्या दारातून समोरच्या घराची गॅलरी दिसली. तिथं निरंजन ओगले लिहीत बसले होते. त्यांनी पेन्सिल उचलली, टोक काढायला घेतली, आणि माझा हात सुटला.

ओगले कादंबरीकार. पुण्याचे. निवांतपणा हवा म्हणून सहा महिन्यांसाठी त्या घराची वरची खोली भाड्यानं घेतलेली. ‘स्त्रीमनाचा ठाव घेणारे लेखक’ असं त्यांच्याविषयी पेपरात छापून आलं होतं. ते कात्रण त्यांनी घरमालकिणीला दाखवलं आणि तिनं गल्लीला. माणूस सालस होता. गल्लीत भेटला की बाजूला होऊन वाट द्यायचा. मी चपला घातल्या आणि वर गेलो.

“या, शालनताई,” ते म्हणाले. “तुम्ही येणार हे कालच लिहिलं मी.”

“ती खिडकी तुमची का?”

“हो. आवडली?”

“बुजवा.”

“मग ती बघणार कुठून?”

“ती कोण?”

“माझी नायिका,” त्यांनी आवाज खाली आणला. “एकटी बाई. कुणालाच न कळलेली. मी रोज बघतो तुम्हाला, ताई. फार कणव वाटते.”

“मी एकटी राहतो,” मी म्हणालो. “म्हणून एकटी आहे असं नव्हे. दर बुधवारी माझी बहीण येते. आम्ही पत्ते खेळतो.”

त्यांनी मान हलवत हलवत लिहून घेतलं. मग वाचून दाखवलं. “‘मी एकटी नाही,’ ती म्हणाली. हे म्हणताना तिचा आवाज कापला.”

“माझा आवाज कापला नाही,” मी म्हणालो. आवाज कापला.

ओगल्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मला खुर्ची उचलून मारावीशी वाटली. मग ते पुन्हा कागदावर वाकले. “आणि हे ‘राहतो’ तेवढं बदलतो हं. वाचकांना छपाईची चूक वाटेल.”

“ती चूक नाही. आम्ही असंच बोलतो.”

“अहो, पण ती कोमल आहे.”

त्यांनी रबर घेतलं आणि ‘राहतो’तला काना पुसला. वरची मात्रा तेवढी राहिली. मग मागची पानं काढली आणि जिथं जिथं नायिका बोलत होती तिथले सगळे काने एकेक करून पुसले. ‘आलो’, ‘बसलो’, ‘जेवलो’. रबराची भुकटी त्यांनी हलकेच फुंकली, ती माझ्या पदरावर पडली. मी पदर झटकला आणि जिना उतरून घरी आले.

आले. हे मी लिहीत नाही, हे होतंय. वर जाईपर्यंत मी ‘गेलो’ होते आणि खाली येताना ‘आले’. घरी आरशासमोर उभी राहून प्रयत्न केला. ओठ गोल केले, जीभ जागेवर ठेवली, मुलींना श्वास शिकवायचे तसा श्वास घेतला. काना येत नव्हता.

दुसऱ्या बुधवारी बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा बोळ लांबला. मालननं चार वाजता बेल वाजवली आणि पावणेपाचला माझ्यापर्यंत पोचली. चपला हातात घेतल्या होत्या. मी तिला लांबून येताना बघत होते, आधी ठिपका, मग पदर, मग मालन.

“घर वाढवलंस व्हय गं?” ती धापा टाकत बसली.

“पाणी पी. मी चहा ठेवते.”

मालन हसायला लागली. “ठेवते? अगं आई गं! कोण पावणी आलीय बघा!”

मी हसले नाही. तिचं हसू थोडा वेळ चाललं आणि मग थांबलं.

“अक्का, ठेवतो म्हण.”

“ठेवते.”

“चेष्टा पुरे. ठेवतो म्हण.”

“ठेवते,” मी म्हणाले. “ठेवते. ठेवते.”

मालन माझ्या साडीकडे, चपलांकडे, खिडकीशी मांडलेल्या खुर्चीकडे बघत राहिली. तिनं पत्ते काढलेच नाहीत. “माझ्यासंगं तरी नीट बोल की गं,” ती म्हणाली. “मी काय केलंय तुझं?” मग चपला उचलून ती बोळातून परत निघाली. तिला दारापर्यंत जायला पुन्हा पाऊण तास लागला आणि तेवढा सगळा वेळ मला तिची पाठ दिसत होती. मला रडू आलं. ते माझं होतं की ओगल्यांनी लिहिलेलं, हे मला कळेना, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा समोर गेले. टेबलावर कादंबरी जवळजवळ पूर्ण होऊन पडली होती.

“माझी बहीण कुठंय यात?”

“होती,” ओगले म्हणाले. “काढली. बहिणीमुळे एकटेपणा पातळ होतो.”

त्यांनी पान दाखवलं. रबर घासून कागद खरबरीत झाला होता. ‘मालन’मधला एक काना पुसायचा राहिला होता, तो मधेच उभा होता.

“परत घाला तिला.”

“तुम्ही इतक्या कळवळून सांगता,” ओगल्यांचे डोळे भरून आले, “म्हणजे तुमचं असं कुणीतरी होतं. मला कळतंय, ताई.” आणि त्यांनी तो उरलेला काना पुसला.

मी हात धरायला गेले, पण माझा हात माझ्याच पदराच्या टोकाशी चाळा करत बसला.

“मागच्या कादंबरीत एक बाई होती ना तुमच्या,” मी विचारलं. “तिचं काय झालं?”

“ती शेवटी निघून जाते.”

“कुठं?”

“ते वाचकावर सोडलंय.”

“आणि हिचं?”

“हीही जाईल,” ते म्हणाले. “शेवटचं प्रकरण राहिलंय. बुधवारी संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.”

आता मागण्यासारखं माझ्याकडे फार काही उरलं नव्हतं. तरी मी चौतीस वर्षं पंचांशी भांडलेली बाई. सामना हातचा गेला तरी एक गुण मागून घ्यायचा, ही सवय.

“मग निदान मला ‘ती’ म्हणू नका,” मी म्हणाले. “ती उठली, ती बसली, ती रडली. मुख्याध्यापकसुद्धा मला ‘इंगवले मॅडम आल्या’ म्हणायचे. मालन सोडून मला कुणी एकेरीत बोलत नाही.”

ओगले एकदम उठून उभे राहिले. “अहो, हे आधी नाही का सांगायचं! माझं चुकलंच.” त्यांनी माझ्यासमोर बसून पहिल्या पानापासून ‘ती’ पुसून ‘त्या’ लिहायला घेतलं. ‘तू’चं ‘तुम्ही’, ‘बस’चं ‘बसा’. कुणीही तिच्याशी बोललेलं असो, सगळीकडे. तासभर लागला. एकही जागा सुटली नाही याची त्यांनी दोनदा खात्री केली. एवढं तरी मिळवलं, असं वाटून मी घरी आले, आणि त्या दिवशी नीट जेवलेही.

तिसऱ्या बुधवारी चार वाजले. सव्वाचार वाजले. बेल वाजली नाही. साडेचारला मी शिट्टी गळ्यात घातली आणि निघाले. बोळ पार करायलाच तास गेला. मालनच्या गल्लीत पोचले तेव्हा खऱ्या आकाशातला उजेडही उतरायला लागला होता.

दार लावलेलं होतं. मी कडी वाजवली.

“कोण?” आतून मालनचा आवाज.

मी ओठ गोल केले. “मी आले.”

आत काही हाललं नाही. मग मालन म्हणाली, “कोण पावणी हाय?”

मी थांबले. आता ती हसेल, दाराला पाठ लावून खिदळेल, असं वाटलं. हसण्याचा आवाज आला नाही. कडी निघाली. मालननं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला.

“या,” ती म्हणाली. “बसा.”

पायाखालची फरशी सरकली नाही, काही नाही. नुसतं ‘बसा’. जन्मापासून जिनं मला ‘तू’शिवाय हाक मारली नाही तिनं खुर्ची पदरानं पुसली आणि म्हणाली, बसा. मग ट्रेमधून पाणी आणलं. आमच्या घरात ट्रे परक्यांसाठी निघतो.

“कुठनं आलासा?”

“माले, मी शालन.”

“शालनताई व्हय,” तिनं नाव आठवून बघितलं. “पत्ता चुकलासा वाटतं. ह्या गल्लीत सगळी फसत्यात.”

मी तिला सात-आठचं सांगितलं, आईचं सांगितलं, तिच्या डाव्या गुडघ्यावरचा वण कुठल्या सामन्यात आला ते सांगितलं. ती सभ्यपणानं ऐकत होती. अधूनमधून ‘बरं’ म्हणत होती. शेवटी मी बोलणं सोडलं आणि शिट्टी वाजवली. शिट्टीला काना नसतो, मात्रा नसते.

मालनची पाठ ताठ झाली. टाचा उचलल्या गेल्या. चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं, ती स्वतःच्याच पायांकडे नवल केल्यासारखी बघत होती.

“मोठा आवाज हाय,” ती म्हणाली. मग जरा अवघडून, “तुमी बसा निवांत. मी एवढं तांदूळ निवडतो.”

निवडतो. किती सहज म्हणाली. ती माझ्याकडे पाठ करून भिंतीसमोर उकिडवी बसली, ताट पुढ्यात ओढलं आणि खडे वेचायला लागली.

मालन शाळेच्या संघात माझ्यामागून चार वर्षांनी आली. पाचव्या चौकोनात बसायची, अशीच, उकिडवी, बोटं जमिनीला टेकवून. तिला मीच तयार केलं होतं. मागून पाठीवर हात पडला आणि ‘खो’ ऐकू आला की उठायचं, विचार करायचा नाही. एकदा दिशा घेतली की वळायचं नाही, वळलीस तर फाऊल. आणि जिनं खो दिला तिनं उठलेलीच्या जागी बसायचं. हे मी हजारो मुलींना शिकवलं. मालनच्या तोंडानं मला ओळखलं नव्हतं, पण तिच्या पाठीनं ओळखलं होतं.

‘खो’लाही काना आहे, हे माझ्या लक्षात होतं. पण तो कुणाच्या येण्याजाण्याचा नाही, बाईचा नाही, पुरुषाचा नाही. आणि ओगल्यांच्या कादंबरीत कुणी खेळत नव्हतं. तिथवर त्यांचं रबर गेलं नसावं.

मी उठले. मला फक्त तिनं एकदा ओळखायला हवं होतं. दुसरं काही मनात नव्हतं. बुधवार होता, संध्याकाळ होती, शेवटचं प्रकरण लिहून होत होतं, त्यात एक बाई निघून जाणार होती, हे मला ठाऊक होतं, नाही म्हणत नाही. मी तिच्या मागं उभी राहिले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“खो!”

काना आला. चौतीस वर्षांचा आवाज आला, भांडी हादरली. मालन बाणासारखी उठली. ताट कलंडलं, तांदूळ फरशीभर झाले.

“अक्का!” ती ओरडली.

तेव्हा ती दाराशी होती. दिशा घेऊन झाली होती. तिची मान अर्धी वळली आणि मी शिकवलेलं आठवून पुन्हा सरळ झाली. ती अनवाणी उंबरा ओलांडून पळत सुटली. पायांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथून पुढे मला ऐकू आला नाही.

मी तिच्या जागी बसले. नियम आहे. उकिडवी, बोटं जमिनीला टेकवून, तोंड भिंतीकडे. खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही आणि मागं बघता येत नाही.

समोरच्या भिंतीवर मालनचं कॅलेंडर होतं. पंखा बंद होता. कॅलेंडरचा खालचा कोपरा भिंतीपासून सुटून हळूहळू वर उचलला जात होता, आणि त्याखाली एका निळ्या गजाचं टोक दिसत होतं.